चौदा ओळींत लपवलेलं नाव

मिलानच्या अँब्रोझियन ग्रंथालयात व्हर्जिलच्या काव्याची एक हस्तलिखित प्रत आहे. ती इटालियन कवी पेत्रार्क याच्या स्वतःच्या वापरातली. तिच्या सुरुवातीच्या पानावर त्यानं लॅटिनमध्ये एक टिपण लिहून ठेवलं आहे. 6 एप्रिल 1327 रोजी सकाळी आव्हिन्यों गावातल्या सेंट क्लेअरच्या चर्चमध्ये लॉरा आपल्याला पहिल्यांदा दिसली, आणि 1348 साली त्याच महिन्यात, त्याच तारखेला, सकाळच्या त्याच वेळी ती गेली. ते प्लेगचं साल होतं. हे सारं याच पानावर का लिहिलं, तेही तो सांगतो: हे पान आपल्या डोळ्यांपुढं सारखं येतं म्हणून.

तारीख, वेळ, ठिकाण, सगळं मिळालं. प्रेमकवितेमागं खरं माणूस होतं याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? पण याच पेत्रार्कनं आपल्या एका सुनीतात ती पहिली भेट येशूच्या मरणाच्या दिवशी झाल्याचं सांगितलं आहे. 1327 चा गुड फ्रायडे मात्र 10 एप्रिलला होता. 6 एप्रिलला वार होता सोमवार. म्हणजे ज्या पानाला आपण पुरावा म्हणतो आणि ज्या कवितेला आपण कबुली म्हणतो, ती दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. पेत्रार्कच्या हयातीतही शंका होतीच. जाकोमो कोलोन्ना या त्याच्या मित्रानं त्याला चिडवलं होतं की ही लॉरा तू रचलेली आहेस. पेत्रार्कनं पत्रातून उत्तर दिलं की हे सोंग असतं तर किती बरं झालं असतं!

'ती कोण होती?' हा प्रश्न आपल्याकडंही काही नवा नाही. नांदेडचं कविसंमेलन असो की लातूरचं, कुणी प्रेमाची कविता वाचली की चहाच्या वेळी पहिली कुजबुज हीच. मला हा प्रश्न अगदीच टाकाऊ वाटत नाही. तो विचारणाऱ्याला एवढं तरी कळलेलं असतं की या कवितेला जगलेल्या आयुष्याचा वास आहे. पण हा प्रश्न एका दाराशीच अडून बसतो. यूरोपातल्या प्रबोधनकाळातली सुनीतं आणि आपल्या मराठवाड्यातली जुनी-नवी कविता शेजारी ठेवून वाचताना मला त्याहून उपयोगाचा एक प्रश्न सापडला: कवीनं स्वतःचं नाव कुठं ठेवलं आहे?

आपल्याकडं हे उघड असतं. अभंगाच्या शेवटच्या चरणात नामा असतो, तुका असतो, जनी असते. गझलेच्या शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, शायर आपला तखल्लुस घालतो. नावाची ती जागा ठरलेली आणि सर्वांना माहीत असलेली. सुनीताला अशी जागाच नाही. चौदा ओळी, आठांची एक मांडणी, मग कलाटणी, सहांचा निवाडा किंवा इंग्रजांच्या पद्धतीनं तीन चौकड्या आणि शेवटची दोन यमकबद्ध ओळींची गाठ. सही कुठंच नाही. म्हणूनच सुनीतकारांनी नाव आत लपवलं आणि वाचकांना ते हुडकायची सवय लागली. सुनीताची आत्मकथा तिथून सुरू होते.

या रचनेचा जन्मच पाहण्यासारखा आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सिसिलीत, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारात जाकोमो दा लेंतिनी नावाचा एक नोटरी होता. दस्त लिहिणं, साक्षी नोंदवणं हा त्याचा पेशा. सुनीत पहिल्यांदा लिहिलं ते त्यानं, असं मानलं जातं. काही अभ्यासक म्हणतात की वाद्यावर गाण्यासाठी नव्हे, तर एकट्यानं मनात वाचण्यासाठी लिहिलेला हा तिथला पहिला भावकाव्याचा प्रकार. हे पूर्ण मान्य न केलं तरी त्यातला मुद्दा मोलाचा आहे. गायच्या कवितेतला 'मी' गाणाऱ्याचा होतो. टाळ घेऊन उभे असलेले शंभर वारकरी एका नाम्याचा 'मी' गातात आणि तो शंभरांचाही असतो. मनात वाचायच्या कवितेतला 'मी' मात्र वाचणाऱ्याच्या कानाशी एकटाच बोलतो. त्याला स्वतःशी वाद घालता येतो, आधी एक बाजू मांडून मग ती उलटवता येते. सुनीतातली कलाटणी म्हणजे मनानं मनाची घेतलेली उलटतपासणीच, आणि ती सुचायला दस्तलेखकच लागला, यात मला नवल वाटत नाही.

दान्तेनं 1290 च्या दशकात 'नवजीवन' लिहिलं तेव्हा या उलटतपासणीला गद्याची जोड मिळाली. बिआत्रीचेसाठी लिहिलेल्या 31 कविता त्यानं एकत्र केल्या, त्यातली बहुतेक सुनीतं. प्रत्येक कवितेच्या अवतीभवती ती कधी, कशी, कुठल्या अवस्थेत लिहिली गेली ते सांगितलं आणि तिचे भाग पाडून अर्थही लावला. आपल्याच कवितेवर आपणच टीका लिहायची! आजच्या अर्थानं हे आत्मचरित्र नव्हे. बिआत्रीचेच्या घरादाराविषयी त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. पण एक माणूस स्वतःला कविता लिहिताना पाहतो आहे, हे दृश्य आपल्याला पहिल्यांदा स्पष्ट दिसतं ते इथं.

पेत्रार्कनं तेच दृश्य आयुष्यभर लांबवलं. त्याच्या संग्रहात 366 कविता, त्यातली 317 सुनीतं. तो त्या मरेपर्यंत घासत, हलवत, क्रम बदलत राहिला. त्याचे कच्चे कागद व्हॅटिकनमध्ये जपलेले आहेत आणि त्यांच्या समासात त्यानं लॅटिनमध्ये नोंदी केल्या आहेत, कुठं तारीख, कुठं अगदी दिवसाचा प्रहरही. संग्रहाच्या तोंडी असलेलं सुनीत त्यानं उशिरा लिहिलं. त्यात वय झालेला माणूस तरुण वयातल्या आपल्या वेडाकडं वळून पाहतो आणि लाजतो. म्हणजे पुस्तकात दोन पेत्रार्क आहेत, एक जळणारा आणि एक जळणाऱ्याला पाहणारा. तिसराही आहे. त्यानं एक संवाद लिहिला, ज्यात संत ऑगस्टिन त्याच्यापुढं बसून त्याला खडसावतो. तू बाईइतकाच तिच्या नावावरही भाळलास, असा ऑगस्टिनचा आरोप. लॉरा हे नाव आणि कवीच्या डोक्यावर ठेवायचा तो लॉरेलचा मुकुट, दोन्हींचा उच्चार जवळजवळ एकच. तो मुकुट पेत्रार्कला 1341 च्या एप्रिलात रोममध्ये मिळालाही. स्वतःवरचा सगळ्यात बोचरा आरोप त्यानं स्वतःच लिहून ठेवला, आणि माझ्या मते लॉरा खरी होती की खोटी या वादापेक्षा हा आरोप कितीतरी मोठा ऐवज आहे.

इंग्रजीत ही रचना आली ती टॉमस वायटच्या हातून. त्याच्या एका सुनीतात हरिणीच्या गळ्यात पट्टा आहे आणि पट्ट्यावर ती सीझरची असल्याची अक्षरं. वाचकांनी त्या हरिणीत अ‍ॅन बोलिन पाहिली, राजा आठव्या हेन्रीची राणी. 1536 साली तिच्यावर खटला झाला तेव्हा वायटही कैदेत होता. तरी ते सुनीत मुळात पेत्रार्कच्या एका सुनीताचं रूपांतर आहे. दुसऱ्याची कविता घ्यायची, तिच्यात आपला जीव धोक्यात घालणारी गोष्ट ठेवायची आणि विचारलं तर म्हणायचं, मी तर अनुवाद केला! नाव लपवण्याची ही पहिली तऱ्हा.

फिलिप सिडनीनं दुसरी तऱ्हा काढली. त्याच्या मालिकेत 108 सुनीतं आणि 11 गीतं आहेत. ती 1591 साली छापली गेली, तेव्हा तो जाऊन पाच वर्षं झाली होती. नायक अ‍ॅस्ट्रोफिल, म्हणजे ताऱ्यावर प्रेम करणारा. त्याच्या नावाच्या शेपटाला कवीचा 'फिल' बांधलेला. नायिका स्टेला, म्हणजे तारा. तिच्यामागं पेनेलोपी डेव्हरू होती हे त्या काळातही ओळखलं गेलं, कारण 1581 साली तिचं लग्न लॉर्ड रिच या उमरावाशी झालं आणि सिडनी त्या 'रिच' शब्दावर पुन्हा पुन्हा कोटी करतो. एका सुनीतात तर कवीच्या वडिलांच्या आयर्लंडमधल्या कारभाराचा उल्लेख येतो. एवढे पुरावे स्वतःहून देणाऱ्याला लपायचं होतं असं कसं म्हणावं?

पण या मालिकेतला सगळ्यात खोल क्षण या पुराव्यांत नाही. एका सुनीतात स्टेला कुठल्याशा प्रेमिकांची रचलेली कथा ऐकून रडते. समोर उभ्या असलेल्या खऱ्या प्रियकराचं दुःख मात्र तिला दिसत नाही. तेव्हा तो तिला विनवतो की मला मी समजूच नकोस, माझी गोष्ट समज आणि त्या गोष्टीवर तरी दया कर. स्वतःच्या आयुष्याचा मसाला वापरून कविता करणाऱ्या माणसाला एवढं कळून चुकलं होतं की कवितेत गेल्यावर आपण आपण राहत नाही. इथं आत्मकथा आणि आत्मभान वेगळे होतात. पेनेलोपीचं नाव ही आत्मकथा. गोष्ट होण्याची ही विनवणी म्हणजे आत्मभान.

स्पेन्सरचं त्यामानानं सरळ आहे. त्याच्या 1595 च्या मालिकेतली प्रेयसी एलिझाबेथ बॉईल, जिच्याशी त्याचं 1594 च्या जूनमध्ये लग्न झालं. एका सुनीतात तो आई, राणी आणि वाग्दत्त वधू अशा तीन एलिझाबेथांचे एकदमच आभार मानतो. मला तो आवडतो, पण या प्रश्नात त्याच्यापाशी फार थांबावं असं वाटत नाही.

थांबावं लागतं शेक्सपिअरपाशी. 1609 साली टॉमस थॉर्पनं 154 सुनीतं छापली आणि अर्पणपत्रिकेत डब्ल्यू. एच. ही दोन अक्षरं ठेवली. त्या दोन अक्षरांवर किती पुस्तकं झिजली! तो देखणा तरुण कोण, ती सावळी बाई कोण, स्पर्धक कवी कोण? यातलं एकही नाव सुनीतांत नाही. आहे ते फक्त कवीचं. दोन सुनीतांत तो 'विल' या शब्दाशी खेळतो. इच्छा, वासना, हट्ट आणि विल्यम, सगळे एकाच शब्दात, आणि दुसऱ्याच्या शेवटी आपलं नाव विल असल्याचं उघड सांगतो. म्हणजे मक्ता नसलेल्या रचनेत त्यानं मक्ता घुसवला. पण त्या नावाला अर्थ इतके की माणूस सापडण्याऐवजी विरघळतोच. शेक्सपिअरनं या सुनीतांच्या किल्लीनं आपलं हृदय उघडलं, असं वर्ड्‌स्वर्थनं म्हटलं. तसं असेल तर तो तेवढा कमी शेक्सपिअर, असं ब्राउनिंगनं पुढं उलट सुनावलं. या वादात मी ब्राउनिंगच्या बाजूला झुकतो, पण पूर्ण नाही. आपल्याशी खोटं बोलणाऱ्या बाईचं खोटं ओळखूनही विश्वास ठेवल्याचं नाटक करणारा माणूस, आणि त्या नाटकाचा हिशेब मांडणाराही तोच, हे कुणी नुसत्या कल्पनेनं लिहिलं असेल असं मला वाटत नाही. अनुभवाशिवाय हे साधत नाही. तो अनुभव कुणाच्या बाबतीतला, हे मात्र गौण आहे.

अभ्यासकांनी या 'मी'ला निरनिराळ्या चौकटींत बसवलं. 1860 साली बुर्कहार्टनं इटलीतल्या प्रबोधनाला व्यक्तीच्या जन्माचा काळ म्हटलं. 1980 साली ग्रीनब्लॅटनं दाखवलं की तो 'मी' जन्मला नाही, घडवला गेला, दरबार, धर्म आणि सत्ता यांच्या दाबाखाली. फिलिप लजन यानं 1975 मध्ये आत्मचरित्राची कसोटी सांगितली की लेखक, निवेदक आणि नायक या तिघांचं नाव एकच असलं पाहिजे. या कसोटीवर जवळजवळ एकही सुनीतमालिका उतरत नाही, आणि मला वाटतं, तिथंच तिची गंमत आहे. नाव सांगायचं नाही आणि लपूही द्यायचं नाही, हाच तिचा करार.

बायकांच्या सुनीतांकडं आलो की हा करार महाग पडतो. व्हेनिसमध्ये गास्पारा स्टांपानं कोलाल्तिनो दी कोलाल्तो या सरदारावरच्या आपल्या प्रेमाची सुनीतं लिहिली, आणि त्याच्या आडनावातल्या उंच डोंगराच्या अर्थावर कोटीही केली. ती 1554 साली गेली. त्याच वर्षी बहिणीनं तिचं पुस्तक काढलं. लियोंच्या लुईझ लाबेनं 1555 साली 24 सुनीतं छापली. तिचे वडील दोरखंडाच्या धंद्यातले. तिची सुनीतं इतकी उघड की तिच्या चारित्र्यावर बोटं उठली. चार शतकं उलटल्यावर, 2006 साली मिरेई ह्यूशों या विदुषीनं दावा केला की लुईझ लाबे ही कवयित्री नव्हतीच, लियोंच्या पुरुष कवींनी मिळून रचलेलं ते एक सोंग होतं. हा दावा अनेकांना पटलेला नाही. मलाही नाही. पण तो कुणावर झाला, ते पाहा. पुरुषाच्या कवितेत आपण प्रेयसी खरी की खोटी ते विचारतो, बाईच्या कवितेत कवयित्रीच खरी की खोटी ते. सिडनीची पुतणी मेरी रॉथ हिनं 1621 साली नायिकेच्या तोंडची सुनीतमालिका छापली. तिचं प्रेम होतं विल्यम हर्बर्ट या आतेभावावर, आणि तिला त्याच्यापासून दोन मुलं झाली. सुनीतांत मात्र तो जवळपास दिसतच नाही. दिसते ती एकटी जागणारी, स्वतःलाच न्याहाळणारी बाई.

आता आपल्याकडं येऊ. सिडनीची मालिका लंडनमध्ये छापली गेली त्याच 1591 साली गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशहानं हैदराबाद वसवलं. पुढं आपले नांदेड-लातूर ज्या राज्यात 1948 पर्यंत राहिले, त्याची ही राजधानी. हा राजा दखनी भाषेतला पहिला दिवाणकर्ता कवी मानला जातो. सिडनी ज्या नावासाठी कोट्यांचा आडोसा घेतो, तिथं हा राजा आपल्या प्रियांची नावं कवितेत उघड मांडतो, कुणी नन्ही, कुणी साँवली, कुणी गोरी. स्वतःचा तखल्लुसही घालतो आणि नबीच्या कृपेनं हे सुख मिळालं असं म्हणतो. तो राजा, त्याला कुणाची भीती? पण म्हणून त्याच्या कवितेत आत्मभान अधिक आहे असं मला वाटत नाही. नावं आहेत, ऋतू आहेत, सण आहेत, शृंगार भरपूर. स्वतःवरचा संशय नाही. नाव उघडं असलं की मन उघडतंच असं नाही, हे मला त्याच्याकडून कळलं.

याच्या अगदी उलट टोक नांदेडमध्येच आहे. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी इथं गोदाकाठी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत, ज्यांचं नरसी गाव इथून जवळच, आजच्या हिंगोली जिल्ह्यात. ग्रंथसाहिबातल्या गुरूंच्या रचना पाहिल्या तर अनेक गुरूंची वाणी आहे, पण नाममुद्रा एकच, नानक. कुठल्या गुरूची रचना ते 'महला' आणि आकडा यांवरून कळतं. पिढ्या बदलल्या, माणसं बदलली, 'मी' तोच राहिला. जिथं यूरोपातला कवी आपला एकट्याचा 'मी' चौदा ओळींत कोरत होता, तिथं इथं अनेक माणसं एका नावात स्वतःला मिळवून टाकत होती. हे आत्मभान नाही असं कुणी म्हणू नये. आपल्याला एका नावापुरतं राहायचं नाही, हे ज्याला कळलं आणि जो ते करून दाखवतो, त्याचं भान फार वरचं आहे.

आणि तरीही त्याच परंपरेत माणसानं आपली गोष्ट सांगितलीच. नामदेवांच्या गाथेत आत्मचरित्रपर अभंग आहेत. शिऊरच्या बहिणाबाईंनी (1628 ते 1700) आपलं लग्न, नवऱ्याचा मार, तुकोबांची ओढ, इतकंच काय मागचे जन्मसुद्धा अभंगांतून सांगितले. गुरू गोविंदसिंगांच्या नावावरचं 'बचित्तर नाटक' हेही पद्यातलं आत्मकथनच. उत्तरेत, शेक्सपिअरचाच समकालीन असलेल्या बनारसीदास या जैन व्यापाऱ्यानं 1641 साली 'अर्धकथानक' लिहून आपल्या 55 वर्षांचा हिशेब दिला. त्यात तो सांगतो की तरुणपणी आपण शृंगाराची हजारभर पद्यं रचली आणि पुढं ती पोथी गोमती नदीत टाकून दिली. मला ही नदीत टाकलेली पोथी पेत्रार्कच्या पहिल्या सुनीताची सख्खी बहीण वाटते. लाज तीच. फरक एवढाच की पेत्रार्कनं लाज वाटली तरी पुस्तक ठेवलं.

मग आपल्याकडं आत्मकथा होती, प्रेमाची कविताही होती, पण दोन्ही एका जागी क्वचितच आल्या. आत्मकथा देवापुढं सांगितली जाई, प्रेम राधेच्या किंवा गवळणीच्या तोंडून. कवीचं स्वतःचं प्रेम कुणी विचारलं की वाचकच कथा रचत. याचं उत्तम उदाहरण भर्तृहरी. ज्यांचं शेष घराणं नांदेडचं असं परंपरा सांगते त्या वामन पंडितांच्या नावावर भर्तृहरीच्या शतकांची समश्लोकी आहे. त्यातून मराठी घरांत तो श्लोक पोचला, ज्यात माणूस जिच्यावर झुरतो ती दुसऱ्यावर, तो तिसरीवर, आणि शेवटी धिक्कार साऱ्यांचाच आणि स्वतःचाही. या एका श्लोकातून लोकांनी राजा, पिंगला राणी, अमरफळ, सारथी, गणिका अशी आख्खी कथा उभी केली. पुढं दामोदर धर्मानंद कोसंबींनी शेकडो हस्तलिखितं चाळून 1948 साली चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा सर्व परंपरांत समान असे श्लोक निघाले सुमारे 200. कवी एक की अनेक हेही सांगता येईना, आणि राणीचं नाव मात्र घराघरात पाठ! खुद्द वामन पंडित एक की अनेक हाही वाद आहेच. पण त्या श्लोकाची खरी ताकद शेवटच्या शब्दात आहे, जिथं दोष देणारा स्वतःलाही दोषींच्या रांगेत उभं करतो. राणीच्या कथेनं तोच शब्द झाकून टाकला.

मराठीत सुनीत आणलं केशवसुतांनी, 1892 साली. त्यांनी त्याला 'चतुर्दशक' म्हटलं. 'सुनीत' हा शब्द पुढं रविकिरण मंडळाच्या काळात रुळला. शार्दूलविक्रीडिताचा एकोणीस अक्षरांचा चरण त्याला मानवला. नावाचा धागा इथंही सोडू नका. कृष्णाजी केशव दामले यांनी घेतलेलं नाव 'केशवाचा मुलगा' एवढंच सांगतं. वडिलांच्या नावामागं उभं राहून हा कवी मराठीतला सगळ्यात बंडखोर 'मी' बोलला. पण त्यांच्या सुनीतांत प्रेमाची सलग मालिका नाही.

ती आली माधव ज्यूलियनांकडून, आणि या प्रश्नाला मराठीत त्यांच्याइतकं कुणी अंगावर घेतलं नाही. माधव त्र्यंबक पटवर्धन (1894 ते 1939) फारसीचे पंडित. 1925 साली त्यांनी फारसी-मराठी कोश काढला. गझल मराठीत रुजवली आणि सुनीतही. म्हणजे नाव उघड ठेवणारी परंपरा आणि नाव लपवणारी परंपरा, दोन्ही एका माणसाच्या टेबलावर होत्या. त्यांनी इंग्रजी साहित्यातलं एक परकं नाव घेऊन ते आपल्या नावाला जोडलं आणि तेच तखल्लुसासारखं मिरवलं. पुण्यात प्राध्यापक असताना एका विद्यार्थिनीवरच्या प्रेमावरून गदारोळ झाला, नोकरी गेली, पुढं कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात जावं लागलं. 1926 चं 'विरहतरंग' वाचणाऱ्यांनी त्यात तीच मुलगी हुडकली. 1938 साली आलं 'तुटलेले दुवे', सुनीतांच्या मालिकेतून उभं राहिलेलं काव्य. सिडनीला दरबारानं जे माफ केलं ते माधव ज्यूलियनांना पुण्यानं केलं नाही. वाचकांनी त्यांची सुनीतं साक्षीपुरावा म्हणून वाचली, आणि ती कविता म्हणून वाचायची राहून गेली. हा अन्याय आहे आणि तो अजून फिटलेला नाही. नागपूरकडं 'अनिल' आणि कुसुमावती देशपांडे यांचं वेगळं. त्यांनी लग्नाआधीची पत्रं जपली आणि ती पुढं 'कुसुमानिल' या, दोन नावं एकात मिसळलेल्या, नावानं पुस्तकरूपात आली. प्रेमाची कागदपत्रं उघडी केल्यावर अनिलांच्या कवितेला कुणी साक्षीला बोलावलं नाही.

त्या काळात मराठवाड्यात काय होतं? निजामी राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून. 1918 साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ त्याच माध्यमाचं. शाळेत मराठी शिकायला मिळणं हीच मिळकत. सातोन्याचे बी. रघुनाथ (1913 ते 1953) सरकारी कचेरीत कारकुनी करत लिहीत होते. 'आलाप आणि विलाप' हा त्यांचा संग्रह 1941 चा. कुलकर्णी हे आडनाव त्यांनी लेखनातून गाळलं. सिसिलीतला तो नोटरी आणि परभणीकडचा हा कारकून, दोघंही दिवसभर दुसऱ्यांचे कागद लिहून आपली कविता रात्री लिहीत असणार, असं मला नेहमी वाटतं. त्यांच्या प्रेमकवितेत परिस्थितीचा काच प्रेमाइतकाच बोलतो. निवांत दरबारी विरह या मातीत उगवणार कसा?

पुढं या भागात 'मी' मोठ्यानं बोलला तो प्रेमकवितेतून नव्हे, आत्मकथनातून. लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' 1987 साली आलं, 1988 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पेत्रार्ककडं प्रेमाच्या क्षणाची तारीख आणि वेळ आहे, गायकवाडांच्या जमातीत माणसाच्या जन्माची तारीखही नाही. आणि नाव? समाजानं आणि पोलिसांनी चिकटवलेला शिक्काच त्यांनी पुस्तकाच्या कपाळावर लिहिला. नाव लपवण्याची चैन ज्याला परवडत नाही, त्याचं आत्मभान असंच उघड्यावर येतं. लातूरला इंग्रजी शिकवणारे जनार्दन वाघमारे, जे पुढं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांनीही इंग्रजी साहित्यातून मराठीत आणलं ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य. ही निवड मला अगदी योग्य वाटते. ज्या प्रदेशाला स्वतःची साक्ष अजून द्यायची होती त्याला सिडनीपेक्षा तीच जवळची होती.

पण प्रेमातल्या 'मी'ची तपासणी राहूनच गेली होती, आणि ती नांदेडात जन्मलेल्या कविता महाजन (1967 ते 2018) यांनी केली. 'तत्पुरुष' हे त्यांच्या कवितासंग्रहाचं नावच पाहा. व्याकरणात तो समास, बाईच्या तोंडी 'तो पुरुष'. नाव सांगायचं नाही आणि लपूही द्यायचं नाही, हा सुनीताचा जुना करार एका मराठी शब्दात बसला. शिवाय त्यांनी 'ग्राफिटी वॉल'सारखं स्वतःविषयीचं गद्यही लिहिलं, म्हणजे दान्तेसारखं कवितेच्या शेजारी आयुष्य ठेवलं. त्यांच्यावरही 'तो कोण' हा प्रश्न फेकला गेलाच. मला त्यांच्या कवितेत तो पुरुष कोण हे कळत नाही आणि कळायची गरजही वाटत नाही. दिसते ती प्रेम करताना स्वतःला सोडून न देणारी, स्वतःच्या गरजेकडंही डोळे उघडे ठेवून पाहणारी बाई. लाबेच्या आणि रॉथच्या रांगेतली.

म्हणून नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत मराठी आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलामुलींना एक मागणं आहे. कविता महाजनांचा 'तत्पुरुष' आणि लुईझ लाबेची सुनीतं एकदा शेजारी ठेवून वाचा, आणि जमलं तर ती सुनीतं मराठीत आणा. शार्दूलविक्रीडितातच हवीत असं नाही. ती फक्त 24 आहेत.